मनकर्णेचा काठ

खाप्याच्या वरच्या अंगाला कन्हान नदी जिथं वळण घेते, तिथं बोरडोह नावाचं लहानसं गाव आहे. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात एका सकाळी मनकर्णा रेवतकर शेळ्यांसाठी पाला तोडायला शेताच्या नदीकडच्या टोकाला गेली, आणि विळा हातात तसाच राहिला. तिच्या कहूच्या झाडांवर कुणीतरी चुन्यानं फुल्या मारल्या होत्या.

कहू म्हणजे अर्जुन. तिच्या काठावर ही झाडं रांगेनं उभी होती, मुळं उघडी पडलेली आणि वाकून थेट पाण्यात उतरलेली. त्यांच्या मागं करंज आणि जांभळी, मधूनमधून शिंदी, आणि खाली पाण्यात पाय घालून उभी असलेली शेरणीची झुडपं. तिचा नवरा शालिकराम जिवंत होता तेव्हाही तिथं कधी कुऱ्हाड पडली नव्हती. त्यात फार मोठं तत्त्व होतं असं नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून काठ नांगरायचा नाही अशी घरची रीत होती, आणि पाला, सरपण, जांभळं, करंजाच्या बिया असं काही ना काही वर्षभर तिथून घरात येत होतं. शिंदीच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लोंबायचे. मुळांच्या कपारीत पाणमांजरांचं बिऱ्हाड होतं. संध्याकाळी ती वाळूवर येऊन एकमेकांच्या अंगावर पडायची, आणि माणूस दिसला की सुळकन पाण्यात जायची.

पलीकडे दोन गडी फीत धरून काठ मोजत होते. त्यांच्याबरोबर डोक्यावर टोपी घातलेला एक तरुण ओव्हरसियर होता. त्याचं नाव मार्तंड, हे तिला नंतर कळलं.

"हे कोनं केलं?" तिनं झाडाकडे बोट दाखवून विचारलं.

"आम्हीच, काकू. नदीकाठ पुनर्निर्माण योजना आहे. ही झाडी काढायची, उतार एकसारखा करायचा आणि वरून दगड रचून पिचिंग करायचं. गावाच्या या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत."

"अन् मले कोनं इचारलं?"

त्यानं जरा गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "संमती आली आहे ना. देवराव रेवतकरांनी सही दिली. त्यांच्या शेताची आणि तुमच्याही पट्टीची."

देवराव तिचा धाकटा दीर. दोघांची शेतं लागून होती, त्याचं नदीच्या वरच्या अंगाला आणि तिचं खालच्या. मनकर्णा पाला न तोडताच परतली आणि सरळ त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तो खाटेवर बसून चहा पीत होता. त्याची बायको कांताबाई चुलीपाशी होती.

"देवरावभाऊ, मायी झाडं तुमी काहून देली?"

"वहिनी, सारं गाव देऊन राहिलं. सरकार फुकट काठ बांधून देते. तुमी बाईमानूस, तुमाले त्यातलं का समजते? घरात कर्ता मीच उरलो ना."

"जमीन मायी हाय. तुमी कर्ते असान तं तुमच्या शेतात."

"नदी शेत खाऊन राहिली, दिसत नाही का तुमाले?"

दिसत होतं, आणि म्हणूनच तिचं डोकं तापलं. देवरावचा काठही पूर्वी तिच्यासारखाच होता. त्यानं संत्र्याची बाग वाढवायची म्हणून तिथली झाडं वीटभट्टीवाल्याला विकली आणि थेट काठाच्या ओठापर्यंत कलमं लावली. मागच्या पुरात नदीनं कडेच्या ओळी ओढून नेल्या. तिच्या पट्टीत, त्याच पाण्यात, एक ढेकूळही हललं नव्हतं. हे गावातल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळे म्हणू लागले की नदी बिघडली आहे, तिला पूर्ववत केलं पाहिजे. ज्यांनी झाडं विकली तेच ही मागणी घेऊन खाप्याला आणि सावनेरला फेऱ्या मारत होते.

"नदी नाही खात," ती म्हणाली. "तुमी तिच्या तोंडात नेऊन देलं."

देवरावनं कपबशी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. कांताबाई चुलीत लाकूड सारत राहिली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा एस.टी.नं नागपूरला गेली. सिव्हिल लाइन्समध्ये कचेरी होती. आवारात जुन्या कडुनिंबांची गर्द सावली होती आणि साहेबांच्या जीपगाड्या त्या सावलीत ओळीनं उभ्या होत्या. तिनं ती सावली पाहिली आणि तिचा संताप आणखी वाढला.

साहेब गोड बोलले. तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "बाई, नदी आजारी आहे असं समजा. आम्ही तिच्यावर उपचार करतोय. काठ स्वच्छ होईल, सरळ होईल. तुमच्या नातवंडांना त्या दगडांवर बसून अभ्यास करता येईल."

"साहेब, माह्या पट्टीले काही आजार नाही. जिथं आजार हाय तिथं जा."

"योजना सलग असते. मधली पट्टी सोडता येत नाही."

"त्या झाडात जनावरं राह्यतात. पाखरं राह्यतात. ते कुठं जातीन?"

साहेब हसले. "पाखरांना पंख असतात, बाई." आणि त्यांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

फाटकापाशी तिच्यामागून मार्तंड धावत आला. आत तो साहेबांच्या बाजूलाच उभा होता आणि सगळा वेळ गप्प होता. आता त्यानं आवाज खाली आणला. "काकू, तुमचं खरं आहे. काठ मुळांनीच धरलेला असतो. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलंय. साहेबांनाही ते माहीत आहे."

"मंग?"

"दगडाचं अंदाजपत्रक मंजूर झालंय. उभ्या झाडाला खर्चच येत नाही. मग ते कामात दाखवायचं कसं?"

साहेबांच्या खोलीत मनकर्णेला जेवढा राग आला नव्हता तेवढा आता आला.

"मी एवढ्या दूर काहून आली, सांगू? मले वाटलं, या लोकाइले ठाऊक नसन. सांगितलं का समजन. तुमाले तं सारंच ठाऊक हाय. ठाऊक असून करून राहिले तुमी."

मार्तंड म्हणाला, "जमीन तुमच्या नावावर आहे ना? मग दिराची सही चालत नाही. तुम्ही लेखी नाही म्हणा. पोच घेतल्याशिवाय निघू नका."

ती चौथीपर्यंत शिकली होती. तिथल्याच बाकावर बसून तिनं वाकड्या अक्षरात लिहून दिलं की माझ्या काठाला हात लावायचा नाही. कारकुनानं शिक्का मारायला कुरकुर केली. शिक्का मिळेपर्यंत ती दारातून हलली नाही, आणि तिची शेवटची एस.टी. चुकायची राहिली एवढंच.

पुढच्या महिन्यात काम सुरू झालं. आधी तिच्या वरच्या बाजूचा, म्हणजे देवरावचा काठ खरवडून निघाला. मागे उरलेली शेरणी, लव्हाळे, निरगुडी, सगळं मुळासकट. मग तिची पट्टी सोडून खालच्या बाजूची झाडी पडू लागली. तिथल्या शेतकऱ्यांनी झाडं विकली नव्हती, पण सही दिली होती. दिवसभर कुऱ्हाडींचा आवाज यायचा आणि मनकर्णा शेतात निंदायला बसली तरी प्रत्येक घावाला तिचा हात थांबायचा. एक जुनी जांभूळ पडली तेव्हा तिच्या ढोलीतून पोपटाची पिलं खाली आली. गड्यांनी ती वाटून घेतली. टिटव्या कितीतरी दिवस त्या जागेवर ओरडत फिरत होत्या. त्यांनी अंडी घातली होती त्या रेताडावर आता ट्रॅक्टर उभे होते.

दिवाळीपर्यंत काठ तयार झाला. पांढुरके दगड, सरळ रेघ. खाप्याहून लोक बघायला आले आणि म्हणाले की छान झालं. मध्ये फक्त मनकर्णेची पट्टी हिरवी, अंगावर आल्यासारखी दाट.

जे काही हाकललं गेलं होतं ते तिच्याकडे आलं. एकेका शिंदीवर इतके खोपे झाले की झावळ्या वाकल्या. खंड्या, पाणकावळे, मुंगसं, साप, सगळ्यांची तिथं दाटी झाली. रानडुकरंही आली. ती दिवसा झाडीत पडून राहायची आणि अंधार पडला की आजूबाजूच्या शेतात उतरायची. त्यांनी देवरावचा हरभरा उकरला, मनकर्णेची ज्वारीही लोळवली. तिचं पीक गेलं त्याबद्दल कुणी बोललं नाही. देवरावचा हरभरा गेला त्याबद्दल सगळं गाव बोललं.

"तुमच्या रानातली डुक्करं हायेत वहिनी," देवराव बांधावरून म्हणाला.

"माह्या रानातली नाही. तुमी जिथून हाकलली तिथली हायेत."

त्या हिवाळ्यात तिच्या काठावर एकच माणूस आवडीनं यायचं, ते म्हणजे ढिवरांची अंजनाबाई. अंजनाबाई आणि तिच्या घरच्या बाया टोपलीनं झिंगे धरून खाप्याच्या बाजारात विकायच्या. पूर्वी त्या साऱ्या काठानं फिरायच्या. आता इथंच.

"खाली दगडापाशी काहीच नाही बाई," अंजनाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून सांगायची. "पानी तापते तिथं. सावली नाही, मुळी नाही. झिंग्यानं लपावं कुठं? अन् पानमांजर म्हनसान तं, ते मले पोळ्यापासून दिसलं नाही."

मनकर्णेलाही दिसलं नव्हतं. पाणमांजरांची कपार शाबूत होती, पण एवढ्या तुकड्यात त्यांचं भागलं नसावं. ती कुणालाही न सांगता निघून गेली होती.

उन्हाळ्यात दगडांच्या सांध्यांतून बेशरम उगवली. तिला कुणी लावत नाही आणि तिला शेळीही तोंड लावत नाही. गुलाबी फुलांच्या त्या झुडपांनी बघता बघता पांढरी रेघ झाकून टाकली.

गावात नवीन बोलणं सुरू झालं. भिंतीत भोक ठेवलं आहे, पूर आला तर तिथूनच पाणी शिरणार, आणि एका बाईच्या हट्टापायी सगळ्यांची शेतं जाणार. ओट्यावर बैठक झाली तेव्हा तिला बोलावलंही नाही. निरोप आला की अजून वेळ आहे, सही दे. तिनं निरोप घेऊन आलेल्या माणसाला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

भादव्यात पूर आला. वर, डोंगराकडे, खूप पाऊस झाला होता. पहाटे नदीनं वाळू झाकली आणि उजाडेपर्यंत ती दगडांच्या माथ्याला लागली. मनकर्णा शेताच्या वरच्या बांधावर उभी होती. तिच्या पट्टीतून पाणी आत आलंच. पण येताना ते झाडाझाडांत अडखळत, जोर मोडून, गुडघाभर पसरलं. तिचा उभा कापूस त्यात बुडाला.

मग वरच्या बाजूनं भिंत ढासळल्यासारखा आवाज आला. देवरावच्या शेतासमोरचे दगड एकामागून एक आत बसले आणि त्यांच्यामागची माती पाण्यानं उचलली. बागेचा मोठा तुकडा कलमांसकट नदीत गेला. पाणी तिथून थेट गावाच्या खालच्या आळीत घुसलं. माणसं वाचली, पण घरं, धान्य आणि कोंबड्या गेल्या.

पाणी ओसरायच्या आतच गावाचा निकाल लागला होता: मनकर्णेच्या भोकामुळे.

पाहणीला नागपूरहून साहेब आले. बरोबर मार्तंड होता. ओट्यावर सगळं गाव जमलं. साहेबांनी गंभीरपणे सांगितलं की काम उत्तम होतं, परंतु मध्ये पट्टी सोडावी लागल्यानं प्रवाहाचा तोल गेला आणि बांधकामावर ताण आला. आता ती पट्टी सरकारजमा करून काम सलग करावं लागेल. लोक माना डोलावत होते. त्यांत खालच्या आळीतले भिजलेले लोकही होते.

मनकर्णा बायांच्या घोळक्यातून पुढं आली. तिनं पदर खोचला होता, आणि तिच्या पायांना अजून गाळ होता.

"साहेब, नदी कोनत्या अंगानं येते?"

साहेब हातातले कागद चाळू लागले.

"देवरावच्या शेताकडून माह्या शेताकडे येते. इथल्या लेकराले ठाऊक हाय. भिंत पडली वर. माही पट्टी खाली. खालचं भोक वरची भिंत कशी पाडते, ते मले समजावून सांगा."

सगळे जमिनीकडे बघत होते. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. यातला एकजण तरी अजाण आहे असं तिला वाटलं असतं तर तिनं त्याला माफ केलं असतं.

"आन तुमी," ती मार्तंडला म्हणाली, "तुमी तं शिकले हा. आज तरी बोलान का?"

मार्तंडनं एकदा साहेबांकडे पाहिलं. त्याचा आवाज फार बारीक निघाला. "दगडाखाली पाया खोदलेला नव्हता. नुसत्या मातीवर रचले होते. पाणी खालून शिरलं." मग तो म्हणाला, "मी तिथं हजर होतो."

साहेब उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले. मार्तंडची बदली झाली, कुठंतरी दूर, सिरोंच्याकडे, असं कानावर आलं. दगड रचणाऱ्या ठेकेदाराचं काहीही झालं नाही. पट्टी सरकारजमा करायचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि देवरावच्या पडलेल्या काठाचाही निघाला नाही. गावानं मनकर्णेची माफी मागितली नाही. काही दिवसांनी लोक ओट्यावरून जाताना तिला हाक मारू लागले, एवढंच.

मार्गशीर्षात एका दुपारी कांताबाई तिच्याकडे आली. हातात कोयता होता.

"बाई, तुमच्या काठच्या शेरणीच्या काड्या पायजेत. जरा वाळुंजाच्याबी."

"कायले?"

"आमच्या काठाले लावते. नाही तं पुढच्या साली राह्यलेली बागबी जाईन."

मनकर्णेच्या मनात आलं ते तिनं बोलून दाखवलं. "आता आठवलं? सही देली तवा चुलीपाशी बसली होतीस तू. तोंड होतं ना तुले?"

कांताबाईचे डोळे भरले, पण ती हलली नाही. "तवा नाही बोलली. मले कोनी इचारतच नाही बाई, तुमाले तरी नाही म्हनता आलं. तुमच्या नावावर जमीन होती. माह्या नावावर का हाय?"

मनकर्णेनं आपला विळा घेतला आणि दोघी काठावर उतरल्या.

देवराव घरी नसेल तेव्हा कांताबाई लावायची. अंजनाबाई पाण्याच्या बाजूनं मदत करायची, कारण पाण्यात कुठं उभं राहता येतं ते तिला ठाऊक होतं. देवरावला दिसलं तेव्हा तो काहीतरी पुटपुटला, पण त्यानं उपटलं नाही. पहिल्या वर्षी निम्म्या काड्या वाहून गेल्या. त्यांनी पुन्हा लावल्या. मग शेरणीनं गाळ धरला, आणि त्या गाळात पुरानं आणून टाकलेलं कहूचं बी आपसूक रुजलं. ढासळलेल्या उभ्या दरडीत वेड्या राघूंनी बिळं केली. एका पावसाळ्यानंतर तिथल्या कोवळ्या शिंदीवर सुगरणीचा पहिला खोपा दिसला, तेव्हा कांताबाई धावत सांगायला आली होती.

पाच-सहा वर्षांनी देवरावच्या त्या काठावर लोखंडी पाटी लागली. नदीकाठ पुनर्निर्माण योजना, खाली खात्याचं नाव, मंत्र्याचं नाव. मनकर्णेनं ती वाचली तेव्हा तिला आधी वाटलं की आपण काहीतरी चुकीचं वाचलं. मग एक दिवस नवे साहेब गाडीभर पाहुण्यांना घेऊन आले. दोघी जावा तिथंच गवत कापत होत्या.

"योजनेपूर्वी हा काठ पूर्ण उघडा होता," साहेब सांगत होते. "आज इथं पक्ष्यांचा अधिवास तयार झाला आहे."

मनकर्णा उठून त्यांच्यासमोर गेली. "योजनेपूर्वी इथं काय होतं ते मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. खरवडलेला काठ, जांभळीच्या ढोलीतली पिलं, न खोदलेला पाया, बुडालेली आळी, बायांनी रोवलेल्या काड्या. आवाज चढवला नाही. पाहुण्यांपैकी एकानं लिहायला घेतलं तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"अहो बाई, शेवटी चांगलंच झालं ना?" ते म्हणाले. "सगळं परत आलं."

"सारं नाही आलं. पानमांजर नाही आलं. ते कुठं गेलं ते सांगा."

"येईल तेही."

"कुठून येईन? तुमी खालचा सारा काठ दगडानं पुरला. त्यानं कोनत्या वाटेनं यावं?"

साहेब म्हणाले की उशीर होतोय. गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी सब्बल आणि फावडं आणलं. पाटी खोलवर रोवलेली होती, उपटायला बराच वेळ लागला. ती त्यांनी मोडली नाही, फेकली नाही. दोघींनी खांद्यावर घेतली, मनकर्णेची पट्टी ओलांडली आणि खालच्या बाजूला, जिथं दगड अजून होते आणि बेशरम माजली होती, तिथं खड्डा खोदला. योजनेनं केलेलं काम तिथं होतं. पाटी तिथं नीट ओळंब्यात उभी करून मनकर्णेनं पायानं माती दाबली.

"पोलीस येतीन का, बाई?" कांताबाईनं विचारलं.

"येऊ दे. काय लिहिलं हाय अन् कायच्या समोर लिहिलं हाय, ते तेबी वाचतीन."

पोलीस आले नाहीत. खात्यातूनही कुणी पाटी बघायला आलं नाही.